नव्या रंगाखालची ओल

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनारपट्टीत घराचे काम काढलेल्या माणसांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. जुन्या घराला कसले वॉटरप्रूफिंग नव्हते, भिंती माती-चुन्यात बांधलेल्या, तरी एवढी ओल कधी दिसली नाही. आता सिमेंटचा गिलावा झाला, पुट्टी झाली, वर महागातला रंग झाला, आणि पहिल्याच पावसाळ्यात माजघराच्या भिंतीवर मांडीएवढ्या उंचीपर्यंत काळपट पट्टा उमटला. रंगाला फोड आले, पोपडे सुटले, कपाटामागे बुरशी धरली. गवंडी रंगाला बोल लावतो, रंगारी गिलाव्याला आणि प्लंबर दोघांना. पुढच्या मे महिन्यात घरमालक तेवढा भाग खरवडून पुन्हा रंगवून घेतो, आणि त्यानंतरच्या श्रावणात पट्टा वीतभर वर सरकलेला असतो.

ही तक्रार खरी आहे. भिंतीत पाणी पूर्वीही शिरत होते. जेवढे शिरत होते तेवढे पुढच्या काही महिन्यांत निघूनही जात होते, म्हणून त्याचा उपद्रव जाणवत नव्हता. नव्या कामाने बहुतेक वेळा पाण्याची यायची वाट तशीच राहते, कधी रुंदही होते, आणि जायची वाट मात्र बुजते. किनाऱ्यावरच्या बहुतेक ओलीचे मूळ इथे आहे.

आधी पाण्याचा हिशेब पाहू. अलिबाग तालुक्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, मुरूडकडे त्याहून अधिक. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरचे छप्पर धरले तर एका पावसाळ्यात त्याच्यावरून दोन लाख लिटर पाणी उतरते. ते भिंतीच्या पायाशी पडते की भिंतीपासून दोन-तीन हात लांब, यावर भिंतीचे पुढचे सगळे अवलंबून असते. त्यात आपला पाऊस सरळ पडत नाही. समुद्रावरचा नैऋत्येचा वारा त्याला आडवा हाणतो. त्यामुळे एकाच घराच्या पूर्वेच्या भिंतीला आणि पश्चिमेच्या भिंतीला मिळणाऱ्या पाण्यात फार मोठा फरक असतो.

जुन्या घराची सारी मांडणी हे पाणी गृहीत धरून केलेली असे. जोते उंच, काळ्या दगडाचे. कौलारू छप्पर भिंतीच्या पुष्कळ पुढे येऊन खाली उतरलेले, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून लांब गळत. पुढे-मागे पडवी, म्हणजे मुख्य भिंतीला झड लागायचीच नाही. जिथे लागण्याची भीती, तिथे पावसाआधी नारळाच्या झापांचा आडोसा बांधत. भिंत अलिबाग-चौलकडे दगड-विटेची, दक्षिणेला श्रीवर्धनच्या बाजूला जांभ्याच्या चिऱ्याची. आतबाहेर चुन्याचा किंवा मातीचा गिलावा आणि वर्षाला चुन्याचा एक हात. जमीन शेणाने सारवलेली. या प्रत्येक थरातून वाफ आरपार जाऊ शकत होती. जुनी घरे ठणठणीत कोरडी होती असे मात्र कोणी समजू नये. भर आषाढात त्यांच्याही जमिनी पाझरत, भिंती गार आणि ओलसर लागत. पण पावसाने उघडीप दिली की त्या सुकायला लागत आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यात पार सुकत.

आता त्याच घराचे काम निघते तेव्हा काय काय बदलते ते क्रमाने पाहिले की तक्रारीचे उत्तर आपोआप मिळू लागते. पहिला बदल जमिनीत होतो. शेणाची किंवा जुन्या लादीची जमीन काढून काँक्रीट ओततात आणि त्यावर व्हिट्रिफाइड टाइल बसवतात. टाइलमधून वाफ जात नाही. जमिनीखालची ओल पूर्वी घरभर पसरून वर यायची, ती आता बाजूच्या भिंतींकडे सरकते. दुसरा बदल अंगणात. मातीचे अंगण जाऊन पेव्हर ब्लॉक येतात, त्यांच्याखाली भरणी येते, आणि दोन-अडीच फुटांचे जोते बाहेरून पाहिले तर वीतभरच उरते. समोरचा रस्ताही दर डांबरीकरणाला उंच होत गेलेला असतो. अलीकडच्या घरांत जोत्याच्या पातळीवर ओलबंद थर घातलेला असतो. गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. बाहेरची जमीन या थराच्या वर गेली की पाणी त्याला वळसा घालून थेट भिंतीत शिरते. हा दोष मला सगळ्यांत जास्त वेळा दिसलेला आहे, आणि त्याकडे लक्षही सगळ्यांत कमी जाते, कारण सगळ्यांचे डोळे भिंतीच्या आतल्या बाजूकडे लागलेले असतात.

तिसरा बदल डोक्यावर. कौले उतरवून स्लॅब टाकला की वळचण जाते. तिच्या जागी खिडक्यांवर दीड फुटाचे छज्जे येतात. पडवी भिंती घालून खोलीत घेतली जाते, आणि आजवर आतली असलेली भिंत जाऊन तिथे एकच नवी, चार इंची विटेची, झडीला थेट सामोरी जाणारी भिंत उभी राहते. पश्चिमेला तोंड करून असलेली चार इंची भिंत कोकणच्या पावसात कोरडी राहील अशी अपेक्षाच चुकीची आहे. स्लॅबवर नंतर पत्र्याची शेड घालण्याची पद्धत कोकणात सर्वत्र पडली आहे. पुष्कळ लोक ती दिसायला वाईट म्हणून टाळतात. मला ती शहाणपणाची वाटते. शेडचे पत्रे चारी बाजूंनी तीन-तीन फूट बाहेर काढले तर गेलेली वळचण बऱ्याच अंशी परत मिळते.

पाणी भिंतीत वर कसे चढते? वीट, चिरा, गिलावा यांच्या पोटात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. अशा अरुंद वाटेत पाणी स्वतःहून वर ओढले जाते. इंग्लंडमधल्या जेम्स ज्युरिन यांनी 1718 मध्ये याचा नियम मांडला: नळी जितकी अरुंद तितके पाणी उंच. एक शतांश मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी साधारण दीड मीटर चढते. भिंतीतली छिद्रे याहूनही बारीक असतात, म्हणजे नियमाने पाणी आढ्यापर्यंत पोहोचायला हवे. तसे होत नाही, कारण वाटेत ते दोन्ही अंगांनी वाफ होऊन उडत असते. चढणारे पाणी आणि उडणारे पाणी जिथे सारखे होते तिथे ओलीची रेघ थांबते. उघड्या, श्वास घेणाऱ्या भिंतीत ही रेघ बहुधा मीटरभराच्या आतच राहते.

या भिंतीवर आतून पुट्टी आणि ॲक्रिलिक रंग, बाहेरून दाट सिमेंटचा गिलावा आणि त्यावर वॉटरप्रूफ रंग चढवला की वाफ उडण्याची जागा आक्रसते. चढणे चालूच राहते. मग पाणी आणखी वर जाते आणि जिथे उडायला जागा मिळेल तिथे बाहेर पडते. ओल लपवण्यासाठी चार फुटांपर्यंत टाइल लावलेल्या भिंतीत दोन वर्षांनी टाइलच्या वरच्या कडेलगत ओल फुटते ती याच कारणाने. वीतभर वर सरकलेल्या पट्ट्याचे रहस्यही हेच आहे. दर वर्षी लावलेल्या रंगाच्या प्रत्येक नव्या थराने त्याला वर ढकललेले असते.

पण केवळ पाणी असते तर प्रकरण इतके चिघळले नसते. किनाऱ्यावर पाण्याबरोबर मीठ असते. ते जमिनीतल्या ओलीतून येते, खाऱ्या वाऱ्यातून येते, खाडीच्या न धुतलेल्या रेतीतून येते, समुद्राजवळच्या मचूळ विहिरीच्या पाण्यातूनही येते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, तेही नेमके पाणी उडण्याच्या जागी. ओलीच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला नख घालून पाहा. फुगलेला रंग पुट्टीसकट एका तुकड्यात निघतो, आणि त्याच्या पाठीला पांढरी, बारीक, उभ्या तंतूंची लव लागलेली दिसते. बोटाने दाबली तर ती करकरते. तिच्यामागचा गिलावा हात लावताच भुकटी होऊन गळतो. हा लोणा. रंगाने पाण्याला पृष्ठभागावर येऊ दिले नाही, म्हणून मिठाचे स्फटिक रंगाच्या मागे वाढले आणि त्यांनी रंग उचलून धरला. रंगाऐवजी चुना असता तर तेच मीठ पृष्ठभागावर आले असते आणि कोरड्या कुंच्याने झाडून टाकता आले असते.

या क्षारांतही प्रकार आहेत. सोडियम सल्फेट हा त्यातला फार विध्वंसक. विटांत आणि सिमेंटमध्ये तो थोडाफार असतोच. सुमारे 32 अंश सेल्सिअसच्या खाली तो पाणी धरून ठेवणारा स्फटिक बनवतो, त्याच्या वर ते पाणी सोडतो. पाणी धरलेल्या स्फटिकाचे आकारमान कोरड्याच्या तिपटीहून अधिक असते. आपल्याकडे उन्हातल्या भिंतीचे तापमान ही मर्यादा दिवसा ओलांडते आणि रात्री खाली येते. म्हणजे गिलाव्याच्या छिद्रांत हे फुगणे आणि आकसणे पुन्हा पुन्हा होत राहते. दगडही यापुढे टिकत नाही.

साध्या मिठाची खोड निराळी, आणि आपल्या किनाऱ्यावर तीच जास्त छळते. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि विरघळू लागते. आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटते ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते तर 35 टक्क्यांच्या आतल्या आर्द्रतेतही पाणी ओढते. पावसाळ्यात किनाऱ्यावरची आर्द्रता दिवसेंदिवस 85-90 टक्क्यांच्या वर असते. मग ज्या भिंतीत मीठ मुरलेले आहे ती, कुठलीही गळती नसताना, केवळ हवेतून ओली होते. लोक पाइप फोडून पाहतात, स्लॅब खोदून पाहतात, काही सापडत नाही. गळती नसतेच. मेघ दाटले की भिंत ओली, कडक ऊन पडले की भिंत कोरडी, पावसाचा एक थेंबही तिच्यावर पडलेला नाही: अशी भिंत दिसली तर तिथे मीठ आहे, असे बेलाशक समजावे.

ओल मोजायचे छोटे यंत्र घेऊन येणाऱ्यांबद्दल इथेच एक सावधगिरी सांगतो. त्या यंत्राच्या दोन सुया भिंतीला टेकवतात आणि त्यांच्यामधून वीज किती सहज वाहते त्यावरून ओलीचा आकडा काढतात. खारट ओलीतून वीज अधिक सहज वाहते, त्यामुळे लोणा लागलेल्या भिंतीवर हा आकडा फुगून येतो. त्या एका आकड्यावर महागडे काम ठरवू नये.

मिठाने दगड कसा खाल्ला जातो हे पाहायचे असेल तर मुरूडच्या समुद्रातल्या पद्मदुर्गावर जावे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेल्या या किल्ल्याच्या तटात एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. चिरे लाटा-वाऱ्याने झिजून आत गेले आहेत आणि त्यांच्यामधले चुन्याचे सांधे जाळीसारखे पुढे आलेले आहेत. चुना किती पक्का होता याचा पुरावा म्हणून ही जागा दाखवली जाते, आणि तो चुना खरोखर अभिमान वाटावा असाच आहे. मला त्या भिंतीत आणखी एक धडा दिसतो. समुद्राचे पाणी दगडात शिरते, वाऱ्याने सुकते, आत राहिलेले मीठ दाणा-दाणा करून दगड कुरतडते. सांधा दगडापेक्षा चिवट निघाला, म्हणून झीज दगडाच्या वाट्याला आली. जुन्या वास्तूंची डागडुजी करणारे जाणकार म्हणूनच सांगतात की सांधा आणि गिलावा नेहमी मूळ दगड-विटेपेक्षा मऊ आणि मोकळा असावा, म्हणजे मिठाचा मारा त्यावर यावा आणि तो बदलता यावा. आज जांभ्याच्या चिऱ्यावर कडक सिमेंटचा गिलावा मारताना आपण याच्या नेमके उलट करतो. गिलावा टिकतो, चिरा आतून भुसभुशीत होतो, आणि काही वर्षांनी गिलाव्याचा मोठा तक्ता चिऱ्याचा पापुद्रा घेऊन खाली येतो.

अलिबागचा कुलाबा किल्ला पाहिला तर पाण्याशी वागण्याची आणखी एक रीत दिसते. त्याच्या तटाचे मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकमेकांवर रचले आहेत. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते, तिथेच त्याचा जोर मोडतो आणि ते आल्या वाटेने परत जाते. घर असे बांधता येत नाही, हे उघड आहे. पण सतराव्या शतकातल्या त्या कारागिरांनी पाण्याला परतीची वाट ठेवली होती, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

ओलीचा आणखी एक मोठा वाटा बाहेरून येतच नाही. तो कामातच घातलेला असतो. एक घनमीटर काँक्रीटमध्ये साधारण 160 ते 180 लिटर पाणी मिसळतात. सिमेंटला घट्ट होण्यासाठी त्याच्या वजनाच्या पाव हिस्सा पाणी लागते, म्हणजे 320 किलो सिमेंटला 80 लिटर. उरलेले पाणी केव्हातरी वाफ होऊन निघायला हवे. विटा भिजवून घेतलेल्या, गिलाव्यात पाणी, वर आठवडाभर पाइपने मारलेले पाणी. जाड भिंत सुकायला इंचामागे एक महिना हा जुना ठोकताळा आहे. नऊ इंची भिंतीला नऊ महिने.

आपल्याकडे काम सुरू होते शिमग्यानंतर आणि संपवायचे असते गणपतीपूर्वी. मुंबई-पुण्याहून घरची माणसे येणार, पाहुणे येणार, देवाच्या खोलीला रंग हवाच. ही ओढ मला मनापासून समजते. पण तिचा परिणाम असा होतो की मे महिन्यात गिलावा, जूनमध्ये पुट्टी आणि श्रावणात, म्हणजे वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत, ओल्या भिंतीवर ऑइलबाउंड किंवा ॲक्रिलिक रंग. आतले पाणी तिथेच कोंडले जाते. पहिल्या गणपतीला नव्या भिंतीला चुन्याचा हात द्यावा, हवा तर त्यात थोडा रंग कालवावा, आणि खरा रंग भिंत एक पूर्ण हिवाळा सुकल्यावर लावावा. यात देवाचाही मान राहतो आणि भिंतीचाही. नव्या बांधकामाच्या ओलीची ओळखही सोपी आहे. ती भिंतभर ढगांसारखी विखुरलेली असते, तिला ठराविक रेघ नसते, आणि दर उन्हाळ्यात ती आधीपेक्षा आक्रसत जाते. सगळ्या प्रकारांत हीच एक ओल अशी की नुसती वाट पाहिली तर जाते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग या भागात असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. पाठोपाठ काही दिवसांतच मोसमी पाऊस आला. चुना-मातीच्या शंभर वर्षांच्या भिंती वरून उघड्या पडून भिजल्या. भिंतीचा माथा उघडा पडणे हे पायाशी ओल येण्यापेक्षा वाईट, कारण पाणी भिंतीच्या गाभ्यात उतरते आणि मातीचे सांधे धुऊन नेते. ज्यांनी त्या घाईत भिंती न सुकवता सिमेंटने लिंपून घेतल्या, त्यांच्या घरांत ते पाणी आत अडकले. त्यांचा नाइलाज होता. डोक्यावर छप्पर नसताना भिंत सुकायची वाट कोण पाहणार? पण आज अशा घरात ओल येत असेल तर नवा थर चढवण्याआधी त्या वर्षीचा गिलावा काढून भिंत उघडी करणे हाच मार्ग आहे.

किनाऱ्यावर सुट्टीपुरती उघडणारी घरेही गेल्या काही वर्षांत पुष्कळ झाली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 मध्ये रो-रो बोट सुरू झाल्यापासून ही ये-जा आणखी सोपी झाली. सोमवार ते शुक्रवार घर बंद, शनिवारी एसी सुरू. बाहेरची हवा 30 अंशांची आणि 85 टक्के दमट असेल तर सुमारे 27 अंशांच्या कोणत्याही पृष्ठभागावर तिचे दव पडू लागते. एसी 20 अंशांवर लावलेल्या खोलीची भिंत पलीकडच्या बाजूने सहज इतकी गार होते. मग शेजारच्या बिनएसीच्या खोलीत, जिना-पॅसेजमध्ये, त्या भिंतीला घाम फुटतो आणि लोक पाइप शोधत बसतात. याची परीक्षा बिनखर्चाची आहे. हातभर ॲल्युमिनियमचा कागद किंवा प्लास्टिक चारी कडांना चिकटपट्टीने भिंतीवर बसवावे आणि दोन दिवसांनी पाहावे. पाणी कागदाच्या खोलीकडच्या बाजूला दिसले तर ते हवेतले, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ते भिंतीतले.

गळतीची ओल वागणुकीवरून ओळखू येते. नहाणीघराच्या पाठच्या भिंतीवर, ऋतू कोणताही असो, बारमाही ठिपका असेल तर पाइप किंवा ट्रॅप पाहावा. घर चार दिवस बंद ठेवल्यावर ठिपका फिका पडला तर संशय पक्का. नहाणीघरात टाइल बसवण्यापूर्वी निचऱ्याची तोंडे बंद करून 24 ते 48 तास पाणी भरून ठेवायचे आणि खालून पाहायचे, ही चाचणी ठेकेदाराकडून करवूनच घ्यावी. पाऊस पडल्यावर काही तासांत उमटणारी आणि वरून खाली ओघळणारी ओल छपराची किंवा खिडकीच्या चौकटीची असते. खिडकीचे ग्रिल भिंतीत जिथे घुसवले आहे ते भोक आणि खिडकीच्या उंबऱ्याचा बाहेर उतार नसणे, ही दोन ठिकाणे आधी तपासावीत.

छताला किंवा खांबाला सरळ रेषेत तांबूस डाग आणि त्याच रेषेत चीर दिसली तर मात्र तो रंगाचा विषय राहत नाही. आतली सळई गंजली आहे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. याचे मूळ पुन्हा मिठातच. भारतीय मानक 456 प्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी वापरलेल्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या वर असू नये, आणि किनाऱ्यावरच्या उघड्या हवेतल्या कामात सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीट असावे, तेही किमान एम-30 प्रतीचे. खाडीची रेती आणि मचूळ विहीर वापरून केलेल्या कामात हे पाळले जात नाही. इथे रंगारी उपयोगाचा नाही, स्थापत्य अभियंताच बोलवावा.

ओलीची भिंत दुरुस्त करायची तर काम बाहेरून सुरू व्हावे. भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक काढून जमीन जोत्याच्या खाली वीतभर तरी उतरवावी, भिंतीपासून बाहेर ढाळ द्यावा, लगत खडी भरलेला चर ठेवावा, छपराला पन्हळ लावून पाणी लांब न्यावे. यातच निम्मी ओल थांबते. मग आतून, ओलीच्या रेघेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा पूर्ण काढावा. लोणा कोरडाच झाडून बाहेर फेकावा. पाण्याने धुतला की तो विरघळून परत भिंतीतच जातो. हे काम कार्तिकात काढावे आणि भिंत माघापर्यंत उघडी ठेवावी, खिडक्या सताड उघड्या ठेवून. माणसांना ही उघडी भिंत पाहवत नाही, हे मला माहीत आहे. पण चार महिन्यांच्या कोरड्या वाऱ्याची जागा कोणतेही रसायन घेत नाही. जमिनीतली ओल फारच जोरदार असेल तर जोत्याच्या पातळीवर भोके पाडून पाणी अडवणारे रसायन भरण्याची पद्धत आहे. ती विटेच्या एकसंध भिंतीत बरी चालते, दगड-मातीच्या ओबडधोबड भिंतीत तिचा भरवसा कमी.

आतून वॉटरप्रूफ थर मारून ओल बंद करण्याच्या जाहिरातींवर मात्र माझा विश्वास नाही. तो थर पाणी थांबवत नाही, भिंतीच्या आत अडवून धरतो. असा थर बाहेरच्या, झडीच्या बाजूला, तोही वाफ जाऊ देणारा निवडून लावला तर त्याचा उपयोग आहे. हा प्रश्न दिसण्यापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शिका काढली, आणि तिच्यात अशा घरांत दमा आणि श्वासाच्या तक्रारी अधिक आढळतात हे स्पष्ट नोंदवले आहे. पाळणा किंवा म्हाताऱ्या माणसाची खाट ओलीच्या भिंतीला लावू नये, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे.

सुकलेल्या भिंतीवर परत काय लावायचे? एक भाग विरवलेला चुना आणि तीन भाग गोड्या पाण्याने धुतलेली वाळू, दहा-बारा मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर सावकाश सुकू देत. चुना विरवताना डोळे जपावेत, तो उडाला तर दृष्टीला इजा होते. वर चुन्याचाच हात. चुन्याचे काम येणारे गवंडी आता थोडे उरले आहेत आणि सगळ्या घरावर एकदम हा प्रयोग करायला मन धजत नाही, हेही रास्त आहे. म्हणून सगळ्यांत वाईट भिंतीचा तीन-चार फूट रुंद पट्टा जमिनीपासून ओलीच्या रेघेच्या वरपर्यंत आधी असा करून घ्यावा, शेजारचा सिमेंट-पुट्टीचा भाग तसाच ठेवावा, आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. आश्विनात दोन्हींवर हात फिरवून आणि नख लावून पाहिले की उरलेल्या भिंतींचे काय करायचे ते घरच्या माणसांना स्वतःच ठरवता येते.